घरच्या दुरुस्तीसाठी मोजकी हत्यारं: कोणती घ्यावीत, कोणती टाळावीत?

नवं_बिऱ्हाड

नव्या जागेत राहायला आलो आहोत. घरात दुरुस्तीचं म्हणावं असं काहीच नाही. स्क्रू पिळायला सुरी आणि खिळा ठोकायला जे काही जड हाताशी येईल ते, असं चाललंय. कपाटाच्या एका दाराचं बिजागर सैल झालंय, सिंकखाली पाणी ठिबकतं आणि दोन खोल्यांत पडद्याचे रॉड लावायचेत. एवढ्याशा कामांसाठी दर वेळी कुणाला बोलवायचं आणि त्याची वाट बघत घरी बसायचं, हे आता नको झालंय.

ऑनलाइन शोधलं तर शंभर-सव्वाशे नगांचे संच दिसतात. एकच पेटी, प्रत्येक वस्तूला आपापला खण. दिसायला झकास, पण त्यातल्या निम्म्या वस्तू कशाच्या आहेत तेच मला कळत नाही. असा संच घ्यावा की सुटी हत्यारं? सुटी घ्यायची तर पहिली कोणती? ड्रिल मशीन लागेलच का? जागा कमी आहे आणि मला सुतार व्हायचं नाहीये, एवढं लक्षात ठेवून सांगा.

पेचप्रसंग

संच नको.

त्या नगांच्या आकड्यात मोठी भरती असते ती चिमुकल्या बिटांची (ड्रायव्हरला लावायची सुटी टोकं) आणि सॉकेटांची (नटावर बसणाऱ्या वाट्या). एकेक बिट वेगळा नग म्हणून मोजलेला असतो. आणि जी हत्यारं सारखी हातात येणार, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, तीच बरेचदा त्यात सुमार असतात. एवढ्या वस्तू एका किमतीत बसवायच्या म्हटल्यावर कात्री कुठेतरी लागणारच.

सुरुवात स्क्रू ड्रायव्हरपासून करा आणि तिथे हात आखडू नका. फुलीचे दोन घ्या, १ नंबर आणि २ नंबर. दांड्यावर पीएच १, पीएच २ असं छापलेलं असतं. घरातले बहुतेक स्क्रू २ नंबरचे निघतात. खेळण्यांच्या आणि रिमोटच्या बॅटरीच्या झाकणांना १ किंवा ० लागतो. चपटे दोन, एक अरुंद आणि एक रुंद. एवढ्यावर बराच काळ निभतं.

फुलीच्या स्क्रूचं डोकं का खराब होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढे निम्मी चिडचिड वाचेल. ही फिलिप्स खाच १९३०च्या दशकात अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांतून पसरली. मशीनने भराभर स्क्रू बसवायचे तर टोक आपोआप मधोमध बसायला हवं, आणि ते या खाचेत बसतं. पण खाचेच्या बाजू उतरत्या आहेत, त्यामुळे जोर लावला की तोच उतार टोकाला बाहेर ढकलतो. म्हणून आधी स्क्रूच्या रेषेत सरळ दाबा आणि मग पिळा. घट्ट बसलेल्या स्क्रूला दाब जास्त आणि पीळ कमी, असं धोरण ठेवा. टोक एकदा घसरलं तर लगेच थांबा, नंबर बरोबर आहे का बघा. दोन-तीनदा घसरू दिलंत की खाच गुळगुळीत होते.

विकत घेताना सोपी परीक्षा: एक स्क्रू सोबत न्या, तो टोकावर बसवून हलवून बघा. डुगडुगला तर ते टोक किंवा तो नंबर तुमचा नाही.

उगाचच

मग रंगाचा डबा कशाने उघडायचा?

पेचप्रसंग

@उगाचच, जुन्यापान्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने. तो त्याच कामाला वेगळा ठेवायचा. चांगल्याच्या टोकाचे कोपरे एकदा गोल झाले की तो पुन्हा खाचेत नीट बसत नाही.

घरकोंबडा

पेचप्रसंग यांचा मुद्दा बरोबर आहे, पण निष्कर्ष पूर्ण पटला नाही. ज्याच्या घरात शून्य हत्यारं आहेत त्याने सगळं सुटं जमवायचं तर सहा महिने त्यातच जातील. मी म्हणेन की वीस-पंचवीस नगांचा छोटा, बऱ्या कंपनीचा संच घ्यावा. वस्तूला ठरलेली जागा असणं हीसुद्धा सोय आहे. माझी सुटी पक्कड ऐन वेळी कधीही सापडत नाही, आणि सापडते ती मुलांच्या खेळण्यांत.

फक्त संच घेताना नगांचा आकडा न बघता यादी वाचा. सॉकेट किती, बिट किती, आणि ते वजा जाता उरलं काय, ते बघायचं.

पेचप्रसंग

यादी वाचून घेत असाल तर हरकत नाही. माझा राग 'शंभर नग' या पाटीवर आहे.

नवं_बिऱ्हाड

वा, एवढ्या लवकर प्रतिसाद! एक शंका. कपाट सुटे भाग जोडून उभं केलेलं आहे. त्याच्या स्क्रूंना फुली आहे, पण २ नंबरचा (शेजाऱ्यांकडून आणलेला) त्यात सैल वाटतो.

पेचप्रसंग

स्क्रूचं डोकं उजेडात नीट बघा. मोठ्या फुलीच्या चार हातांच्या मधोमध तिरक्या बारीक रेघा दिसतात का? दिसत असतील तर तो फिलिप्स नव्हे, पोझिड्राइव्ह. जोडणीच्या फर्निचरमध्ये तो सर्रास असतो. त्याच्या खाचेच्या बाजू उभ्या असल्यामुळे टोक बाहेर फेकलं जात नाही, पण त्याला पीझेड २ हेच टोक लागतं. फिलिप्स त्यात शिरतो, फिरवतोही, आणि हळूहळू खाच खातो. हा बिट सुटा मिळतो, तेवढा घ्या.

चांदणीसारखी सहा टोकांची खाच दिसली तर तो टॉर्क्स. आणि त्या चांदणीच्या मध्यभागी बारीक खुंटी असेल तर तुम्ही ते उघडू नये अशी बनवणाऱ्याची इच्छा आहे. त्याच्यासाठी मध्ये भोक असलेला बिट येतो.

नटबोल्ट

पान्यांविषयी कुणी बोललंच नाही.

घरात फिक्स पान्यांचा आख्खा संच लागत नाही. एक मध्यम आकाराचा अॅडजस्टेबल पाना, म्हणजे आपला स्क्रू पाना, आणि मिलिमीटरमधल्या अॅलन कींचा (षटकोनी दांड्याच्या किल्ल्यांचा) जुडगा एवढं पुरे. स्क्रू पाना घेताना जबडा पूर्ण उघडून सरकता भाग हलवून बघा. जबडा खुळखुळत असेल तर तो नटाचे कोपरे गोल करणार.

हा पाना उलटा धरणारे फार. जोर नेहमी स्थिर जबड्यावर यायला हवा, म्हणजे दांडा सरकत्या जबड्याच्या दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला की सगळा भार त्या लहानशा स्क्रूवर आणि त्याच्या दात्यांवर येतो, जबडा उघडतो आणि पाना सटकतो. शिवाय नट जबड्यात तळापर्यंत बसवा, टोकांनी चिमटीत धरल्यासारखा नको.

ज्यांना फिक्स पाने घ्यायचेच आहेत त्यांच्यासाठी: सहा मिलिमीटरच्या बोल्टच्या नटाला १० नंबरचा पाना लागतो, आठच्या बोल्टला १३. सायकल, टेबल, खुर्च्या यांत हे दोनच वारंवार येतात. अॅलनचं गणित वेगळं. डोक्यात षटकोनी खड्डा असलेल्या सरळ डोक्याच्या बोल्टला ५ मिलिमीटर जाडीसाठी ४ची की आणि ६ मिलिमीटरसाठी ५ची. इंचातली की मिलिमीटरच्या खड्ड्यात कधी कधी जवळपास बसते. पाच बत्तिसांश इंच म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर, एवढा फरक चालून जातो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७. त्या नटावर १३चा पाना बसतो आणि जोर लावला की कोपरे छिलतो.

सॉकेट घेणार असाल तर आतून सहा कोनांची घ्या. बारा कोनांची अडचणीच्या जागी बसवायला सोपी, पण गंजलेल्या किंवा झिजलेल्या नटावर सहा कोनांचीच पकड टिकते.

नवं_बिऱ्हाड

टेस्टर तर घ्यायचाच ना? तो स्क्रू ड्रायव्हरसारखाही वापरता येतो, म्हणजे एक वस्तू कमी.

ठिणगी

टेस्टर घ्या, पण तो स्क्रू ड्रायव्हर म्हणून वापरू नका. नाजूक असतो, पिळला की आतली जोडणी हलते, आणि मग तो नेमका हवा तेव्हा पेटत नाही. न पेटलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवून वायरला हात लावणं किती महागात पडेल ते सांगायला नको.

हा कसा चालतो ते माहीत असावं. आत एक निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्याबरोबर दहा लाख ओहमच्या आसपासचा रोधक असतो. तुम्ही मागच्या टोपीला बोट लावता तेव्हा मंडल तुमच्या शरीरातून पूर्ण होतं. २३० व्होल्टला त्यातून पाव मिलीअँपिअरहूनही कमी प्रवाह जातो, म्हणून झटका जाणवत नाही. पण यातच त्याच्या मर्यादाही आल्या. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल तर दिवा मंद पेटतो. उन्हात पेटलेला दिसतच नाही. उलट, बंद केलेली वायर दुसऱ्या चालू वायरीला लागून लांबवर गेली असेल तर तिच्यावरही तो मिणमिणतो. आणि न्यूट्रल कुठे तुटला असेल तर, उपकरण जोडलेलं असताना, सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. बघणारा बुचकळ्यात!

म्हणून माझ्या मते दुसरी वस्तू साधा डिजिटल मल्टिमीटर. दोन तारांमधला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तो आकड्यात सांगतो. बॅटरी संपली का, फ्यूज गेला का, इस्त्रीचं कॉइल तुटलंय का, एक्स्टेन्शनची वायर आतून तुटलीय का, हे सगळं त्याच्यावर कळतं. पुढची दोन-तीन कामं वीजतज्ज्ञ येण्याआधीच उलगडतात.

घरकोंबडा

मल्टिमीटर नवख्याच्या हातात? @ठिणगी, मला हे जरा धाडसाचं वाटतं. चुकीच्या खाचेत वायर घालून सॉकेटमध्ये टोकं घातली की भडका.

ठिणगी

शंका रास्त आहे. तो भडका उडतो तो एकाच कारणाने: लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना दाब मोजायला जाणं. त्या वेळी मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार, म्हणजेच शॉर्ट सर्किट. उपाय असा की घरच्या माणसाला अँपिअर मोजायची वेळ क्वचितच येते, तेव्हा त्या भोकावर चिकटपट्टी लावून टाकायची. आणि ओहम किंवा 'बीप' चाचणी (तार अखंड असली की मीटर वाजतो ती) नेहमी वीज बंद करून, प्लग काढूनच करायची.

मीटरवर कॅट २, कॅट ३ असं लिहिलेलं असतं. प्लगने लागणाऱ्या उपकरणांसाठी कॅट २, मुख्य वितरण पेटीसाठी कॅट ३. काहीच लिहिलेलं नसलेला मीटर घेऊ नका.

आणि टेस्टर असो की मीटर, पद्धत एकच. आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासून तो नीट दाखवतो का बघा. मग ज्याला हात लावायचाय ते तपासा. मग परत चालू सॉकेटवर. तिसरी पायरी लोक गाळतात, आणि मधल्या वेळात मीटर बिघडला असेल तर ते कळत नाही.

उगाचच

आमच्याकडे फक्त पहिली पायरी होते आणि तीही बोटाने.

ठिणगी

@उगाचच, घरात आरसीडी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर ते बोटाच्या कामी येतं. जमिनीकडे ३० मिलीअँपिअर गळती झाली की तो खटका पाडतो. पण फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक दिवा आहात. तिथे तो काही करणार नाही.

आणखी एक. मायक्रोवेव्हचं मागचं झाकण, कुठलंही हत्यार असलं तरी, उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जबर दाबाचा भार धरून असतो.

थेंबेथेंबे

सिंकखालच्या पाण्याकडे येतो, कारण त्याला हत्यार लागेलच असं नाही.

आधी गळतंय कुठून ते शोधा. सगळं कोरडं पुसा, खाली कागद पसरा, मग नळ सोडा. नळ बंद असतानाही ओल येत असेल तर ती दाबाच्या पाण्याची बाजू, म्हणजे छोटा कोपऱ्यातला कॉक किंवा लवचिक नळी. नळ सोडल्यावरच येत असेल तर ती सांडपाण्याची बाजू, म्हणजे वळणाचा पाइप आणि त्याचे प्लॅस्टिकचे नट.

प्लॅस्टिकचे नट हातानेच आवळायचे असतात. हाताने आवळूनही गळत असेल तर नट उघडून आतला वायसर बघा. उतरत्या कडेचा असेल तर तो उलटा बसलेला असतो किंवा दुमडलेला असतो. पान्याने जोर लावून तो सरळ होणार नाही. नट तडकेल मात्र.

कॉकच्या बाजूला धातूचा नट असतो. तिथे नटबोल्ट यांचा स्क्रू पाना चालतो, पण अडचणीच्या जागी वॉटर पंप प्लायर बरा. तोच तो, जबडा मागेपुढे सरकवून पाइपाच्या जाडीइतका करता येतो. क्रोमचा मुलामा ओरखडू नये म्हणून मध्ये जाडसर कापड धरा. पाइप पाना, म्हणजे दात असलेला, चकचकीत नळावर कधीही लावू नका. तो लोखंडी पाइपांसाठी. त्याचे दात एकाच दिशेने चावतात आणि जिथे चावतात तिथे खूण राहते.

टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळताना आट्यांचं तोंड तुमच्याकडे ठेवा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, तीन-चार वेढे, पहिला आटा किंचित मोकळा ठेवून. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना टेप उलगडून गोळा होते. आणि रबरी वायसर असलेल्या जोडाला टेप लागतच नाही. तिथे पाणी वायसर अडवतो, आटे फक्त आवळतात. तरीही लोक तिथे टेप गुंडाळत बसतात.

या सगळ्याआधी घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते शोधा आणि तो खरंच फिरतो का बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी जाम असतो.

तुंबलेल्या सिंकसाठी रबरी प्लंजर ठेवा. वापरताना सिंकच्या काठाजवळचं जादा पाण्याचं भोक ओल्या कापडाने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो.

नवं_बिऱ्हाड

@थेंबेथेंबे, सांडपाण्याच्या बाजूचा निघाला. वायसर दुमडलेलाच होता. सरळ करून बसवला, हातानेच आवळला. थांबलं! मी तोवर पाना घ्यायला निघालो होतो.

बिजागराचं मात्र होत नाही. स्क्रू फिरतो पण आवळतच नाही.

ओळंबा

लाकडातले आटे गेलेत. बारीक लाकडी काड्या (काडेपेटीच्या, गुल काढून) पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात ठासा, जादा कटरने कापून टाका, गोंद वाळू द्या आणि मग तोच स्क्रू परत बसवा. नवीन जाडा स्क्रू घालू नका. पातळ फळी असेल तर ती फाटते. भुसाच्या फळीला हा उपाय कमी टिकतो. तिथे बिजागर किंचित वर-खाली सरकवून नव्या जागी भोक पाडणं बरं.

त्याआधी बिजागर कुठल्या जातीचं आहे ते बघा. दाराच्या आत वाटीसारखं गोल बसलेलं असेल (त्या वाटीचा व्यास बहुधा ३५ मिलिमीटर असतो), तर त्याच्या हातावर दोन स्क्रू दिसतील. पुढचा दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा सैल केला की दार आत-बाहेर होतं. बऱ्याच वेळा दार 'सैल' नसतंच, नुसतं वाकडं झालेलं असतं आणि पुढचा स्क्रू अर्धा वेढा फिरवला की जागेवर येतं.

आता थोडं माझ्या आवडीचं. सगळे पिळायच्या आणि आवळायच्या गोष्टी बोलतायत, मोजायचं कुणी बोलत नाही. पाच मीटरची मापाची टेप आणि छोटी पाणसळ घ्या. टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे अडकवायचा हुक, थोडा हलतो, म्हणून कुणीतरी ती परत करायला निघेल. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो! आकडा जेवढा जाड, तेवढाच तो मागेपुढे सरकतो. काठाला अडकवून बाहेरून मोजलं की तो ओढला जातो, भिंतीला टेकवून आतून मोजलं की दाबला जातो, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. कुणी त्याचे रिबिट ठोकून घट्ट करून दिले तर मापाची वाट लागली म्हणून समजा.

पाणसळ खरी आहे का ते दुकानातच कळतं. सपाट जागी ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते बघा, मग तीच पाणसळ तिथेच उलट दिशेने फिरवून ठेवा. बुडबुडा त्याच बाजूला तेवढाच आला पाहिजे. वेगळीकडे गेला तर दुसरी घ्या. भिंतीवर उभी रेघ हवी असेल तर दोरा आणि त्याला बांधलेलं वजन. ओळंब्याला बॅटरी लागत नाही आणि तो बिघडतही नाही.

उगाचच

आयडीचा अर्थ आत्ता कळला.

भोकपाडू

ड्रिलचा प्रश्न तसाच राहिला. पडद्याचे रॉड काँक्रीटच्या किंवा विटांच्या भिंतीत लावायचे असतील तर ड्रिल लागेलच. पण विकत घ्यायला हवं का, हा वेगळा प्रश्न. वर्षातून दोनदा वापरायचं असेल तर शेजारून किंवा भाड्याने आणा. जागा कमी आहे म्हणताय, त्यात हे सगळ्यात मोठं धूड.

घ्यायचंच ठरवलं तर स्वतःला विचारा, भिंतीत भोकं पाडायचीत की स्क्रू पिळायचेत? स्क्रू आणि लाकूड यांसाठी १२ व्होल्टचं बॅटरीचं छोटं यंत्र सुखाचं. त्याच्या गळ्यावरच्या कड्यावर आकडे असतात. तेवढा जोर आला की ते फिरायचं थांबतं, म्हणून लहान आकड्यापासून सुरू करा, नाहीतर स्क्रू लाकडात बुडेल. भिंतीसाठी १३ मिलिमीटर चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा), वायरचं, हातोडीच्या खुणेचं, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं इम्पॅक्ट ड्रिल. जुनं पोलादी काँक्रीट असेल तर तेही दमतं. तिथे रोटरी हॅमर लागतं, ज्यात आतला दट्ट्या हवेच्या दाबाने बिटाच्या मागे ठोके देतो. ते मात्र घरी नकोच. भाड्याने आणा.

आता प्लगविषयी. भिंतीत घालायचा फायबर प्लग ही १९११ची कल्पना, ब्रिटनच्या जॉन रॉलिंग्स यांची. आज जो नायलॉनचा, पसरणारा प्लग आपण वापरतो तो जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली काढला. तत्त्व सोपं आहे: स्क्रू आत जातो, प्लग फुगतो, भिंतीला घट्ट बसतो. म्हणून ६चा प्लग तर ६चंच भोक. ७चं पाडून प्लगभोवती कागद घालणारे लोक असतात. रॉड खाली येतो तेव्हा दोष प्लगला देतात. ६च्या प्लगला साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू.

भोकाची खोली बिटावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठरवा, प्लगपेक्षा थोडी जास्त ठेवा म्हणजे तळाला भुगा राहिला तरी प्लग पूर्ण जातो. भोकातला भुगा फुंकून किंवा ब्रशने काढा. नुसत्या तोंडाने फुंकताना डोळे मिटा. चष्मा असेल तर घाला, पण हातमोजे घालू नका. फिरत्या बिटात मोजा अडकला तर हात ओढला जातो.

स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि बाजूला त्याच रेषेत भोक टाळा. वायरी बहुधा त्याच रेषांत गेलेल्या असतात.

घरकोंबडा

टाइलवर?

भोकपाडू

हातोडी बंद ठेवून, हळू गतीने, चिकटपट्टीच्या फुलीवर टोक टेकवून. चकचकीत थर भेदून मागची भिंत लागली की मग हातोडी चालू करा. कोपऱ्याजवळ पाडू नका. पोर्सिलेनच्या कडक टाइलला साधा भिंतीचा बिट नुसता गरम होतो, तिथे हिऱ्याचा बिट आणि थेंब थेंब पाणी.

नवं_बिऱ्हाड

भिंत ठोकली तर पोकळ आवाज येतो. म्हणजे?

भोकपाडू

जिप्समची पाटी असेल. मग वरचं सगळं विसरा. साधा प्लग तिथे गोल गोल फिरत राहतो. पाटीमागे पसरणारे किंवा पाटीतच आटे कापत जाणारे खास प्लग मिळतात. पण जड पडदे असतील तर आतला लाकडी किंवा धातूचा आडवा-उभा आधार शोधून त्यात स्क्रू घाला. चुंबक भिंतीवरून फिरवला तर पाटीचे स्क्रू सापडतात आणि आधार त्यांच्या रेषेतच असतो. कुणीही तो निळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० फवारा भिंतीच्या स्क्रूंवर मारू नका, हे आगाऊच सांगतो.

नटबोल्ट

फवाऱ्याचं निघालंच आहे तर, अवांतर. डब्ल्यूडी-४० हे वंगण म्हणून घेतलं जातं, पण नावातच आहे, पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंजापासून वाचवायला तो बनवला होता. गंजलेला नट सोडवायला उत्तम. मारा आणि पंधरा मिनिटं विसरा. बिजागराची करकर तात्पुरती थांबवायलाही चालतो. पण तो उडून जातो, म्हणून नंतर तिथे तेलाचा थेंब किंवा ग्रीस हवंच. कुलपात मारू नका. तिथे ग्रॅफाइटची पूड.

ठोकपीट

हातोडीचं कुणी काहीच बोलत नाही म्हणून यावं लागलं. साधारण पाऊण ते एक पौंडाची, म्हणजे साडेतीनशे-साडेचारशे ग्रॅमची, मागे खिळे उपटायचा चिमटा असलेली घ्या. दांड्याच्या शेवटाला धरायची, मानेजवळ धरली की वजनाचा फायदाच जातो. खिळा उपटताना डोक्याखाली लाकडाचा तुकडा ठेवा, भिंतीला खळगा पडत नाही आणि जोरही कमी लागतो. एका हातोडीच्या तोंडावर दुसऱ्या हातोडीने कधीही मारू नका. दोन्ही तोंडं कडक केलेली असतात, कपचा उडतो आणि डोळ्यात जाऊ शकतो.

घरकोंबडा

+१. पक्कड राहिली. एक साधी, आणि एक लांब तोंडाची. साध्या पक्कडीने नट आवळू नये, एवढं सांगतो.

नवं_बिऱ्हाड

शेवटचं. रॉड लांब आहे, ५ सेंटिमीटर कापायचा. पोकळ, पातळ, धातूचा. पाइप कापायला काय वापरू? त्याच्यासाठी वेगळं हत्यार घ्यावं का?

ओळंबा

नको. छोटी हॅक्सॉ चौकट घ्या, ती आयुष्यभर पुरते. पान लावताना दात पुढच्या बाजूला, कारण कापणं ढकलताना होतं. पातळ पत्र्याला बारीक दाताचं, इंचाला ३२ दात असलेलं पान लावा. किमान दोन-तीन दात एका वेळी धातूवर असायला हवेत, नाहीतर पातळ कड दातांच्या मधे अडकते आणि दात मोडतो. कापायच्या रेषेभोवती चिकटपट्टी गुंडाळा, सरळ कापता येतं आणि रंग सोलवटत नाही. रॉडमध्ये आतून लाकडी दांडका बसत असेल तर घाला, पाइप दबत नाही.

कापलेल्या कडेवर धातूचा खर राहतो. तो बारीक कानशीने आतून-बाहेरून काढा, नाहीतर पडद्याच्या कड्या तिथे अडकतील. कापलेली बाजू टोपीच्या आत जाईल अशीच निवडा.

नवं_बिऱ्हाड

३२ दाताचं पान मागवलं. पीझेड २चा बिटही. भाड्याचं ड्रिल शनिवारी मिळणार आहे, तोवर चुंबक घेऊन भिंतीवर फिरतोय.

भोकपाडू

सापडलेल्या प्रत्येक स्क्रूवर पेन्सिलची खूण करा. एका उभ्या ओळीत आल्या की आधार तिथे आहे. ब्रॅकेटची जागा खिडकीपेक्षा आधार बघून ठरवा.